दाह आणि दाखला

मराठीतला ‘दाह’ हा शब्द दोन घरी नांदतो. वैद्याच्या घरी तो शरीराचा असतो. पित्ताने होणारा, जखमेभोवती तांबूस होऊन ठणकणारा. दुसऱ्या घरी तो मनाचा असतो. तेथे काही सुजत नाही, काही तांबडे होत नाही, तरी आत जळत असते. आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द दोन्ही अर्थांनी येई, आणि कोणता अर्थ कोठे घ्यावयाचा याविषयी आम्हा मुलांचा कधी घोटाळा झाला नाही. पुढे चार बुके शिकून शासकीय सेवेत शिरलो, तेव्हा या दोन घरांच्या मधली भिंत फार जाड असल्याचे आढळून आले. एका घरच्या दाहाला दाखला मिळे, दुसऱ्या घरच्या दाहाला मिळत नसे. अलीकडे मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या भिंतीला भोके पाडू लागले आहेत. भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाच्या मनाला जो विकार जडतो, त्याच्या मुळाशी मेंदूचा आणि रक्ताचा एक खराखुरा, मोजता येण्याजोगा दाह असावा, असे त्यांतील काहींचे म्हणणे आहे. या वार्तेने आमचे एक जुने प्रकरण पुन्हा उघडले गेले. शास्त्राचा आमचा अधिकार नाही. परंतु प्रकरण आमचे आहे.

१९९०च्या दशकाच्या मध्यास आम्ही नर्मदेकाठच्या एका तहसिलीत पदस्थ होतो. त्या भाद्रपदात, नदी उतरू लागली आहे असे वाटत असतानाच, पैलतीरी जाणारी एक नाव उलटली. पाच माणसे गेली. नाव वल्हवणारा केवट पस्तिशीचा, पट्टीचा पोहणारा. त्याने दोन बायांना ओढून काठाला लावले. गेलेल्या पाचांत त्याच्या थोरल्या भावाचा अकरा वर्षांचा मुलगा होता. मृतांच्या वारसांना नियमाप्रमाणे साहाय्य मिळाले, आणि ते वेळेवर मिळाले, याचे त्या काळी आम्हांस समाधान होते.

चार महिन्यांनी तो केवट बायकोला घेऊन कचेरीत आला. नाव त्याने विकली होती. घाटावर त्याला उभे राहवत नव्हते. रात्री ओरडत उठे. घरात कोणी बादलीत पाणी ओतले तरी त्या आवाजाने अंगणात पळे. त्याचा अर्ज पोट भरण्यापुरत्या मदतीसाठी होता. आम्ही त्याला शासकीय डॉक्टरांकडे पाठविले. नाडी, रक्तदाब, छातीचे चित्र, सर्व ‘सामान्य’ असा कागद आला. आमच्या बाबूने नस्तीवर टीप लिहिली: ‘आवेदक को कोई शारीरिक क्षति नहीं। प्रकरण नस्तीबद्ध किया जाए।’ आम्ही खाली सही केली. त्याची बायको दारातून परत वळून म्हणाली, ‘साहब, ऊपर से सब ठीक है, भीतर कुछ जल रहा है।’ आम्ही पुढची नस्ती उघडली होती.

यात कोणाचे क्रौर्य नव्हते. डॉक्टर खोटे बोलले नाहीत, बाबूने नियम मोडला नाही, आम्ही लाच मागितली नाही. म्हणूनच हे प्रकरण इतकी वर्षे मनातून जात नाही. वाईट माणसाने केलेला अन्याय विसरता येतो. नियमाने वागणाऱ्या चांगल्या माणसांनी मिळून केलेला अन्याय कोणाच्या माथी मारावा हे कळत नाही.

त्या केवटाला काय झाले होते, हे आमच्या बोलीला ठाऊक होते. ‘त्याने धसका घेतला’ एवढे म्हटले की मराठी घरात पुढचे सांगावे लागत नाही. वैद्यकाला मात्र त्याचे नाव ठरविण्यास फार काळ लागला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसंहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८० साली, ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे नाव मुक्रर केले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची अवस्था हे त्यामागचे मोठे कारण होते. आघातोत्तर ताणविकार असे त्याचे मराठी करतात. घडून गेलेली घटना पुन्हा पुन्हा, जागेपणी आणि झोपेत, आताच घडत असल्यासारखी अंगावर येणे. तिची आठवण देणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून पळणे. सदैव सावध, दचकलेले असणे. आणि पूर्वीच्या माणसांतून, कामातून मन उठणे, ही त्याची मुख्य चिन्हे. बादलीतल्या पाण्याच्या आवाजाने पळणारा माणूस यात तंतोतंत बसतो. म्हणजे आमच्या सहीच्या वेळी या विकाराला नाव मिळून पंधरा वर्षे होत आली होती. नाव अमेरिकेत होते, नस्ती तहसिलीत होती.

दाखल्याचा हा प्रश्न आमच्याच कचेरीत प्रथम उद्भवला असे नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील खंदकांत तोफगोळ्यांच्या वर्षावाखाली धडधाकट शिपाई थरथर कापू लागले, मुके झाले, आंधळे झाले. अंगावर ओरखडा नाही. चार्ल्स मायर्स या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द छापून आणला. फ्रेडरिक मॉट या मेंदूतज्ज्ञाचा तर्क असा की, स्फोटाच्या धक्क्याने मेंदूतच सूक्ष्म इजा होत असावी. पुढे मायर्सला उलट वाटू लागले. ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता अशांनाही तीच लक्षणे होती, तेव्हा कारण मनात आहे असे तो म्हणू लागला. डॉक्टरांचा वाद असा चालू असताना सैन्याच्या कारकुनीने मात्र आपला निकाल लावून टाकला होता. ज्याची अवस्था शत्रूच्या गोळ्यामुळे झाली असे ठरे त्याच्या कागदावर ‘जखमी’ असा शेरा पडे, आणि त्याला जखमेची पट्टी व निवृत्तिवेतनाचा हक्क मिळे. दुसऱ्याच्या कागदावर नुसते ‘आजारी’. त्याला दोन्ही नाही. रोग एक, रकाने दोन. १९१७ मध्ये तर ‘अद्याप निदान न झालेला, मज्जासंबंधी’ अशा अर्थाचे एक तिसरेच लेबल निघाले. ज्याने आयुष्यभर नस्त्या चालविल्या आहेत त्यालाच या लेबलाची खुमारी कळेल. निर्णय टाळूनही कागद पुढे सरकविण्याची कला जगभर एकच आहे.

त्या युद्धात इंग्रजी सैन्याने पळून जाणे, भित्रेपणा आणि तत्सम गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना २००६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून मरणोत्तर क्षमा दिली. त्यांतील काही जण आज ज्याला आपण रोगी म्हणू तसे होते, हे आता सर्वमान्य आहे. याच युद्धात आपल्याकडचीही माणसे होती. आज बेळगावात ज्यांचे केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पूर्वजपलटणी मेसोपोटेमियात लढल्या; कुत येथे १९१५च्या डिसेंबरापासून १९१६च्या एप्रिलअखेरपर्यंत जो वेढा पडला, त्यात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील मराठे उपाशी राहिले आणि शेवटी कैदेत गेले. जे परतले, त्यांच्यापैकी कोणी रात्री ओरडत उठत असेल तर त्याचा कागद कोठे झाला असेल असे वाटत नाही. घरच्यांनी ‘पलटणीतून आल्यापासून असेच करतात’ म्हणून दार लोटून घेतले असेल.

आता दाहाकडे येऊ. केल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची चार चिन्हे सांगितली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. शरीराची संरक्षक यंत्रणा जखमेच्या ठिकाणी फौज धाडते. ही चार चिन्हे म्हणजे त्या फौजेची वर्दळ. मेंदू मात्र या व्यवहारातून वगळलेला आहे, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा फौजेला आत येऊ देत नाही, असे पुष्कळ काळ मानले जाई. पण मेंदूची स्वतःची एक चौकीदार मंडळी आहे. स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या बारीक पेशींना ‘मायक्रोग्लिया’ असे नाव दिले. एरवी त्या आपापल्या जागी साफसफाई करीत असतात. संकटाची वर्दी मिळाली की रूप पालटून दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडू लागतात. आणि २०१५ मध्ये तर मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या असल्याचे उंदरांवरील संशोधनात आढळून आले. म्हणजे हा गड वाटला तितका बंद नव्हता.

येथे ज्या दाहाविषयी आम्ही बोलत आहोत तो मेंदूज्वर नव्हे, हे सांगितले पाहिजे. मेंदूज्वरात माणूस तापाने फणफणतो, बेशुद्ध होतो, मरतोही. हा दाह मंद आहे; राखेखालच्या निखाऱ्यासारखा. भीतीच्या प्रसंगी शरीर ॲड्रेनलिन सोडते, हृदय धावू लागते, संरक्षक यंत्रणाही सज्ज होते. प्रसंग टळला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक या सर्वांना शांत करते. दाह शमविणे हे त्याचे एक काम. तेव्हा सतत घाबरलेल्या माणसात कॉर्टिसॉल भरपूर असावे अशी कोणाचीही अपेक्षा होईल. परंतु १९८०च्या दशकापासून या रुग्णांची तपासणी करणाऱ्यांना अनेकदा उलट आढळले: ते कमीच होते. सर्वच पाहण्या एकसारख्या नाहीत. पण ज्या घरात आग विझवणाराच अशक्त, त्या घरात निखारे धुमसत राहतील, हा तर्क तेव्हापासून बळावला. २०१५ मध्ये २० अभ्यासांचा एकत्र विचार करून एक निबंध प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांच्या तुलनेत या रुग्णांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ आणि तत्सम दाहद्रव्ये अधिक असल्याचे त्यात दिसले. त्यापूर्वी २०१४ मध्ये अमेरिकेच्या मरीन सैनिकांची एक पाहणी आली. युद्धावर जाण्याआधीच ज्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे आपण ज्याला लॅबच्या कागदावर सीआरपी म्हणून पाहतो ते, जास्त होते, त्यांना परतल्यावर हा विकार होण्याचा संभव काहीसा अधिक होता. धसक्याने दाह होतो की दाहामुळे धसका खोल जातो, हा प्रश्न त्यामुळे अधिकच गुंतागुंतीचा झाला. आणि २०१६ मध्ये, स्फोटांच्या तडाख्यात सापडलेल्या मृत सैनिकांचे मेंदू तपासताना मेरीलँडमधील संशोधकांना काही विशिष्ट जागी सूक्ष्म व्रण आढळले. मॉटचा संशय शंभर वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली आला. तपासलेले मेंदू थोडे होते हे खरे, आणि आमच्या केवटाजवळ कोणताही गोळा फुटला नव्हता हेही खरे.

उपचारांची कथा मात्र इतकी सरळ पुढे जात नाही. दाह असेल तर दाह शमवावा, हे कोणालाही सुचेल. लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी घ्या. आमच्या वयाच्या मंडळींपैकी अनेकांच्या डबीत ती असतेच. या वर्गातली औषधे घेणाऱ्या लोकांत या विकाराची लक्षणे कमी दिसतात असे एका पाहणीत आढळले होते. त्यावरून आशा धरून रीतसर चाचणी झाली, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला की लोसार्टन आणि नुसती खोटी गोळी यांत फरक नाही. दुःस्वप्नांवर दिली जाणारी प्राझोसिनही २०१८च्या मोठ्या चाचणीत उतरली नाही. मानेतल्या मज्जातंतूंच्या एका गाठीला सुन्न करण्याचे इंजेक्शन देऊन शरीराची सततची सज्जता मोडावी, या उपायाला २०२० मध्ये ११३ सैनिकांवरील चाचणीत थोडे यश आले. अमेरिकेत या विकारासाठी शासकीय मान्यता असलेली औषधे दोनच, सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन. दोन्ही मूळची उदासीनतेवरची. सर्वांत भरवशाचा उपाय अजूनही बोलण्याचाच आहे. एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्णाला त्या प्रसंगाची हकीकत सुरक्षित जागी, जाणत्या माणसासमोर, पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, आणि ज्या जागा तो टाळतो तेथे हळूहळू नेतात. म्हणजे केवटाला घाटावर, मग काठच्या पाण्यात, मग नावेत. यात आम्हांस काही नवल वाटले नाही. नवल याचे वाटले की, ज्या विकारासाठी एवढे दाहशास्त्र रचले गेले त्यावर आजही ‘सांग बाबा, मी ऐकतो’ याहून फारसे वरचढ औषध सापडलेले नाही.

तर मुख्य प्रश्न हा. समजा, त्या दिवशी केवटाने मेंदूचे एखादे रंगीत चित्र आणून टेबलावर ठेवले असते, त्यात तांबड्या ठिपक्यांवर खूण करून ‘येथे दाह आहे’ असे लिहिलेले असते, तर आम्ही काय केले असते? उत्तर देताना लाज वाटते: आम्ही सही केली असती. माणूस तोच, ओरडणे तेच, उपासमार तीच. त्या चित्राने त्याच्या दुःखात कणभरही भर पडली नसती. आमच्या विश्वासात तेवढी पडली असती. मग आम्ही मदत दुःखाला देत होतो की पुराव्याला?

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुसऱ्याचे दुःख कोणालाही प्रत्यक्ष होत नाही. ते ज्याचे त्यालाच प्रत्यक्ष. आपल्या वाट्याला राहतात अनुमान आणि शब्द. मेंदूचे चित्र हे अनुमान आहे. डोंगरावर धूर पाहून अग्नी आहे असे म्हणण्यासारखे. केवटाचे आणि त्याच्या बायकोचे बोलणे हा शब्द. न्यायशास्त्रात शब्दाला प्रमाण मानताना सांगणारा ‘आप्त’ असावा, म्हणजे त्याला विषय यथार्थ ठाऊक असावा आणि तो तसाच सांगण्याची त्याची इच्छा असावी, अशी अट आहे. स्वतःच्या दुःखाविषयी स्वतःहून अधिक यथार्थ कोणाला ठाऊक असणार? उरली सांगण्याची इच्छा. कचेरीने तेथे गृहीतच धरले होते की अर्जदार खोटा असतो, जोवर कागद त्याला खरा करीत नाही. धुरावर आमचा विश्वास होता. ज्याचे घर जळत होते त्याच्या ओरडण्यावर नव्हता.

आम्ही हे लिहितो तेव्हा आमच्यातला जुना अधिकारी खाकरतो, आणि त्याचेही ऐकले पाहिजे. खोटे अर्जदार असतात. आम्ही ते पाहिले आहेत. दोन्ही पाय शाबूत असून कुबड्या घेऊन आलेले, जिवंत भावाला मृत दाखविणारे. कोष सार्वजनिक असतो, आणि एका खोट्याला दिलेला पैसा एका खऱ्याच्या तोंडचा घास असतो. केवळ दया आली म्हणून सही करणारा अधिकारी लवकरच दलालांचा आवडता होतो. तेव्हा पुरावा मागणे हा अधर्म नव्हे. पण पुरावा कोणत्या जातीचा मागावा, हे ठरविण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर असते, आणि आम्ही हाडमांसाच्या पुराव्याखेरीज दुसरी जात असते हेच मानले नाही. खरे म्हणजे आमच्या देशाने याहून बरा मार्ग पुढे काढला. अपंग व्यक्तींच्या १९९५च्या कायद्यातच मानसिक आजाराचा समावेश होता. पण तो मोजावा कसा, याचे माप २००२ मध्ये ‘आयडियाज’ या नावाने आले. त्यात मेंदूचे चित्र मागत नाहीत. माणूस स्वतःची देखभाल करू शकतो का, माणसांत वावरू शकतो का, बोलणे समजतो व समजावतो का, काम करू शकतो का, आणि हे किती वर्षांपासून चालले आहे, एवढे विचारतात, घरच्यांना विचारतात. हे माप म्हणजे रीतसर ऐकणे आहे, शब्दप्रमाणाला दिलेला तक्ता आहे. ते सर्वत्र नीट वापरले जाते असा आमचा दावा नाही.

भोपाळच्या वायुकांडाची आठवण येथे अटळ आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट पसरले, तेव्हा डोळे आणि फुप्फुसे यांची मोजदाद लगेच सुरू झाली. मनाकडे पाहणारे त्या वेळी जवळजवळ कोणी नव्हते. डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांनी १९८५ मध्ये तेथील सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनाचे विकार ओळखण्याचे शिक्षण दिले, हे फार मोठे काम होते. कारण दवाखान्यात येणारी बाई धाप लागते म्हणून सांगे, आणि ती धाप जळलेल्या फुप्फुसाची की त्या रात्रीच्या भयाची, हे तिलाच सांगता येत नसे. तिला दोन्ही एकच होते. वेगळे करून मागत होतो ते आपण.

आता कोणी म्हणेल, मग हे दाहाचे शास्त्र वरदानच ठरले. मनाचे दुःख शरीरात सापडले, दाखला मिळाला, कलंक गेला. अमेरिकेतही असा युक्तिवाद झाला. तेथे सेनाधिकाऱ्यांपैकी काहींनी ‘डिसऑर्डर’ हा शब्द काढून ‘इंजुरी’, म्हणजे जखम, म्हणावे असा आग्रह धरला. जवान विकार कबूल करणार नाही, जखम कबूल करील. निदानसंहितेने २०१३ मध्ये तो मानला नाही. त्याआधी, २००९ साली, युद्धात जखमी झालेल्यांना दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ हे पदक या विकारासाठी द्यावयाचे नाही असा निर्णय तेथील संरक्षण खात्याने दिला होता. ‘जखमी’ आणि ‘आजारी’ हे दोन रकाने नव्वद वर्षांनंतरही शाबूत होते.

आम्हांस या युक्तिवादाची भीती वाटते, ती अशी. २०२० मध्ये एका अभ्यासात या रुग्णांच्या मेंदूची विशेष चित्रे घेण्यात आली. मायक्रोग्लियांची सक्रियता वाढलेली दिसेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. दिसली ती कमी. रक्तात दाहाची खूण, आणि मेंदूत संरक्षक यंत्रणा उलट दबलेली. संशोधकांना यात पुढील कामाची दिशा दिसली, आणि त्यांचे ते बरोबर आहे; शास्त्र असेच चालते. पण ज्या माणसाच्या दुःखाचे खरेपण आपण त्या तांबड्या ठिपक्यांवर टांगून ठेवले असेल, त्याचे काय? ठिपके नाहीत, म्हणून तो पुन्हा भित्रा? पुन्हा ढोंगी? शास्त्राचा निष्कर्ष दर दहा वर्षांनी बदलू शकतो. माणसाची पत त्याबरोबर वरखाली होऊ लागली, तर हा दाखला नसण्यापेक्षा वाईट. दाहाचा शोध उपचारासाठी लावावा. त्या केवटावर विश्वास ठेवण्यासाठी त्याची गरज नव्हती, आणि आजही असू नये.

दुसरा एक प्रश्न आम्हांस याहून अवघड वाटतो, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी पुरते नाही. भीती शमविणारे औषध उद्या सापडले तर ते द्यावे यात शंका नाही. प्रोप्रॅनोलॉल या जुन्या गोळीने भयंकर आठवणीची धार कमी होते का, याचे प्रयोग या शतकाच्या आरंभापासून चालू आहेत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या नीतिविषयक परिषदेने २००३च्या आपल्या अहवालात अशी चिंता प्रकट केली होती की, आठवणीची धार गेली तर तिच्याबरोबर आपल्या कृत्याचे खरे मोलही आपल्याला कळेनासे होईल. आम्ही प्रथम हे वाचले तेव्हा ते बोल खोल वाटले. नंतर बादलीच्या आवाजाने पळणारा माणूस डोळ्यांपुढे आला, आणि दूर बसलेल्या विद्वानांनी दुसऱ्याच्या रात्रीचे नैतिक मोल ठरवावे हे आवडेनासे झाले. आपल्याकडेही ‘भोग आहेत, भोगून संपवावे’ असे म्हणणारे वडीलधारे असतात. बहुधा ते स्वतःच्या गुडघेदुखीवर मात्र गोळी घेतात.

तरीही परिषदेच्या चिंतेत एक दाणा खरा आहे. जोनाथन शे या अमेरिकी मनोवैद्याने व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करताना १९९४ साली ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिले. त्यातून पुढे ‘नैतिक जखम’ ही कल्पना रूढ झाली: भीतीने नव्हे, तर जे योग्य त्याचा भंग झाला, आपल्या हातून झाला किंवा ज्यांच्यावर विसंबलो त्यांच्या हातून झाला, या जाणिवेने झालेली जखम. केवटाच्या मनात भीतीखाली आणखी एक थर होता. त्याने ज्या दोन बायांना ओढले, त्यांपैकी दुसरीला धरण्यासाठी त्याने पुतण्याचा हात सोडला होता. हे त्याच्या बायकोने अर्जात लिहवले नव्हते. गावात बोलले जात होते. हा थर दाह आहे का? त्यालाही एखादी गोळी असावी का? पाण्याच्या आवाजाने पळणे हा रोग, हे आम्ही निःशंक म्हणू. पण सोडलेल्या हाताची आठवण आणि तिचा सल हा रोग नव्हे. ते त्या मुलाचे त्याच्या काकाकडे राहिलेले देणे आहे. पहिले घालवावे, म्हणजे दुसऱ्याकडे पाहण्याइतके बळ माणसाला येईल, असे आम्हांस वाटते. घाबरलेल्या माणसाला शोकसुद्धा करता येत नाही. तो नुसता पळत असतो. मात्र दोन थर सोलून वेगळे करण्याइतकी कोणती सुरी सूक्ष्म आहे, हे आम्ही सांगू शकत नाही.

निवृत्तीनंतर, दोन वर्षांपूर्वी, अमावस्येच्या स्नानाला म्हणून आम्ही सपत्नीक त्या गावी गेलो होतो. नदीवर आता पूल आहे. तरी घाटावर दोन मोटारबोटी चालतात, त्यांतली एक त्या केवटाचा मुलगा चालवितो. म्हातारा घाटाच्या वरच्या अंगाला, पिंपळाच्या पारावर बसला होता, नदीकडे पाठ करून. आम्ही जवळ बसलो. आम्हांला त्याने ओळखले नाही. तीस वर्षांपूर्वीचे आमचे केस आणि आताचे यांत ओळखण्यासारखे काही राहिलेले नाही. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग कोण जाणे कसे, तो आपण होऊन त्या भाद्रपदाविषयी बोलू लागला. पुतण्या सदरा कोणता घालून आला होता, हाताला तेल कसे लागले होते, बोटे एकामागून एक कशी निसटली. निसटली असे तो म्हणाला. सोडली असे नाही. आम्ही मधे काही बोललो नाही. पाऊण तास गेला असेल. सून चहा घेऊन आली. त्याने पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला. उठताना त्याने आमचे नाव विचारले. आम्ही नाव सांगितले. पद सांगितले नाही.